विल्हेल्म काउअर: सर्किट डिझाइनचा प्रश्न उलटा करणारा गणितज्ञ

पायथनच्या सायपायमध्ये मी 'एलिप' हे फंक्शन वापरतो. हवी ती मापं दिली की फिल्टरचं सूत्र लगेच हजर! हा 'काउअर फिल्टर' ज्यांच्या नावाचा, ते विल्हेल्म काउअर १९०० साली बर्लिनमध्ये जन्मले.

फिल्टर म्हणजे नको त्या फ्रीक्वेन्सी अडवणारं सर्किट. एकाच तारेवरून अनेक टेलिफोन कॉल न्यायचे तर तो लागायचाच. तेव्हा इंजिनिअर ओळखीचे तुकडे जोडत आणि जमेपर्यंत बदलत बसत. काउअर यांनी १९२६च्या पीएचडीपासून उलटी वाट धरली: सर्किटने काय करायला हवं ते आधी लिहा, मग कॉइल-कपॅसिटरच्या व्हॅल्यू गणितानेच काढा. मुळात असं सर्किट बनू शकतं का, तेही गणितच सांगेल.

अडचण एकच, हिशोब भयंकर किचकट. समीकरणं सोडवणारं मशीन बनवायचं त्यांच्या मनात होतं, पण मंदीमुळे गॉटिंगनमध्ये पैसाच मिळाला नाही. एप्रिल १९४५मध्ये बर्लिन पडताना सोव्हिएत सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. वय फक्त ४४.

सगळं ॲनालॉग डिझाइन आजही ऑटोमॅटिक झालेलं नाही. फिल्टरचं मात्र झालं, कारण कॉम्प्युटर यायच्या आधीच काउअर यांनी तो प्रश्न त्याला सोडवता येईल असा मांडून ठेवला होता.