आनंदीबाईंची रसायनशाळा

पुणे-दौंड लोहमार्गावरचे केडगाव म्हटले की पंडिता रमाबाई आणि त्यांचे मुक्तिसदन आठवते. दुष्काळातून वाचवलेल्या मुली, विधवा, टाकलेल्या बायका यांना रमाबाईंनी इथे आसरा दिला, लिहायला-वाचायला शिकवले आणि हाताला काम दिले. हे सारे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण या कामाच्या उगमाचा माग काढत गेले तर एक वाट थेट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जाते. तिथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या आणि त्यांच्या वर्गात नऊवारी लुगड्यातली एक मराठी मुलगी येऊन बसली होती. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंची कहाणी श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ सालच्या कादंबरीमुळे घरोघरी पोहोचली. नवव्या वर्षी लग्न, हट्टी आणि तऱ्हेवाईक नवरा, साता समुद्रापलीकडचे शिक्षण आणि अकाली मृत्यू एवढे बहुतेकांना सांगता येते. मात्र परदेशातल्या तीन वर्षांत ही मुलगी नेमके काय शिकली, कशी शिकली, याची विचारपूस आपण फारशी करत नाही. डॉक्टरकीचा रस्ता सुरू होतो तो रोग्याच्या खाटेपासून नव्हे, रसायनाच्या टेबलापासून, हेही आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

कल्याणची यमुना

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली ही कल्याणच्या जोशांची यमुना. १८७४ साली तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि वयाने कितीतरी मोठे होते. बायकोला शिकवायचे हा त्यांचा ध्यास, आणि तोही साधासुधा नव्हे. इतर घरांत सुनेने स्वयंपाक टाकून पुस्तक धरले तर बोलणी बसत. इथे अभ्यास टाकून चुलीपाशी गेले की मार बसे. या मारहाणीची आठवण आनंदीबाईंनी पुढे खुद्द नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट शब्दांत काढली आहे. त्या उपकार विसरल्या नाहीत आणि दुःखही विसरल्या नाहीत.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. योग्य उपचार मिळाले असते तर मूल हाती लागले असते, ही बोचणी त्या कोवळ्या आईच्या मनात राहिली. बायकांना पुरुष डॉक्टरपुढे जाण्याचा संकोच आणि बाई डॉक्टर तर कुठे मिळायची नाही. अशा वेळी बाळंतिणी आणि मुले सुईणीच्या आणि नशिबाच्या हवाली असत. डॉक्टर होण्याची इच्छा या अनुभवातून बळावली.

गोपाळरावांनी १८७८ साली एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून आपण अमेरिकेला का जात आहोत हे आनंदीबाईंनी लोकांना समजावून सांगितले आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असे आश्वासन दिले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. वय अठरा.

रसायनाच्या बाई

पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली निघाले होते. तिथल्या विद्यार्थिनींनाही काही फुलांच्या पायघड्या मिळाल्या नव्हत्या. १८६९ साली त्या रुग्णालयात शिकायला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवून त्यांच्या अंगावर कागदाचे बोळे फेकले होते. आनंदीबाई तिथे पोहोचल्या तेव्हा महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या रेचल बॉडली. सिनसिनाटीत जन्मलेल्या बॉडलीबाई डॉक्टर होण्याच्या वाटेने इथे आल्या नव्हत्या. त्या मुळात वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या. १८६५ सालापासून त्या इथे रसायनशास्त्र आणि विषशास्त्र शिकवत होत्या आणि १८७४ साली प्रमुख झाल्या.

त्याच १८७४ सालची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जोसेफ प्रिस्टले यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने सूर्याचे ऊन एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले. त्यातून जो वायू निघाला तो प्राणवायू. या शोधाला शंभर वर्षे होत असताना, प्रिस्टले जिथे चिरविश्रांती घेत आहेत त्या गावी सगळ्या रसायनशास्त्रज्ञांनी जमावे, ही कल्पना बॉडलीबाईंची. मेळावा भरला, आणि त्यातून पुढे १८७६ साली अमेरिकेची रसायनशास्त्र संस्था जन्माला आली. आनंदीबाईंना रसायन शिकवणारी बाई अशा तोलाची होती.

त्या काळात रसायनाचे शिक्षण बदलत होते. पूर्वी गुरुजींनी व्यासपीठावर प्रयोग करून दाखवायचा आणि मुलांनी बाकावरून बघायचा, अशी पद्धत होती. जर्मनीत गीसेन इथे लीबिग यांनी विद्यार्थ्यांच्याच हाती नळ्या आणि तराजू दिले. ही रीत तिथून अमेरिकेत गेली. आपल्याकडे पाठांतराला मोठा मान. आनंदीबाईही घोकंपट्टीत कच्च्या नव्हत्याच. पण हिंदुस्थानातल्या मुलींच्या शाळांत तेव्हा प्रयोगशाळा नावाची चीजच नव्हती. पाठ म्हणणे आणि पडताळून बघणे यातले अंतर प्रयोगाच्या टेबलाशीच कळते.

वैद्यकीच्या विद्यार्थ्याने त्या काळी जे प्रयोग शिकायचे, ते आजही पहिल्या वर्षाच्या मुलांना ओळखीचे वाटतील. मिठाच्या स्वच्छ पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो आणि उजेडात ठेवला की काळवंडतो. निळा लिटमस आम्लात लाल होतो. हा झाला श्रीगणेशा. त्यापुढचे प्रयोग माणसाच्या जीवाशी जोडलेले असत. सोमल घालून मारल्याचा संशय असेल तर मार्श यांनी १८३६ साली दिलेली परीक्षा करायची. संशयित पदार्थ जस्त आणि आम्लाबरोबर ठेवायचा, निघणारा वायू पेटवायचा आणि त्या ज्योतीत थंड चिनी मातीची बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळा चकचकीत डाग उमटतो. कोण खरे बोलतो आणि कोण खोटे, हे बशी सांगते.

आणखी एक परीक्षा तर अगदी साधी. लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवायची. अंडे उकडले की पांढरे होते तसे काही तिच्यात गढुळले, तर मूत्रपिंडात बिघाड आहे असे समजायचे. गरोदर बाईच्या बाबतीत ही खूण फार महत्त्वाची. बाळंतपणात झटके येऊन दगावणाऱ्या बायकांच्या लघवीत हा पदार्थ सापडतो, हे १८४० नंतरच्या दशकात ध्यानात आले होते. ज्या झटक्यांना आपल्याकडे बाहेरची बाधा समजून अंगारे लावले जात, त्यांची आगाऊ सूचना एक काचनळी आणि एक दिवा देऊ शकत होता. स्वतःचे मूल दहाव्या दिवशी गमावलेल्या आईला अशा विद्येचे मोल कोणी वेगळे सांगायला नको. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला तोही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

धूर आणि थंडी

अभ्यास चालू होता, पण शरीर साथ देत नव्हते. फिलाडेल्फियाचा हिवाळा कडक. त्यांच्या खोलीतली शेगडी नीट चालत नसे. पेटवली की खोलीभर धूर, न पेटवली तर हाडे गोठवणारी थंडी. खाणे शाकाहारी, त्यामुळे तिथे जे मिळेल त्यावर भागवायचे. थंडीसाठी त्यांनी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने पातळ नेसायला सुरुवात केली, पण नेसणे देशीच ठेवले. आधीच नाजूक असलेली प्रकृती पहिल्या हिवाळ्यापासून ढासळत गेली. १८८५ साली गोपाळरावही तिथे जाऊन पोहोचले.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम या सोहळ्यासाठी आल्या होत्या. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. रमाबाई स्वतः १८८३ साली वैद्यकी शिकण्यासाठीच इंग्लंडला गेल्या होत्या, पण कमी ऐकू येत असल्याने ती वाट बंद झाली होती. आपल्याला जे जमले नाही ते या एकविशीतल्या मुलीने करून दाखवलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाची जागा आनंदीबाईंना देऊ केली होती. पण क्षयाने त्यांना गाठले होते. कॉख यांनी क्षयाचे जंतू १८८२ साली, म्हणजे त्या बोटीत बसण्याच्या आदल्याच वर्षी दाखवून दिले होते. रोगाचे कारण सापडले होते, औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसीन यायला १९४३ साल उजाडायचे होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या, पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांनी डोळे मिटले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एकाही बाळंतिणीला त्या विद्येचा उपयोग करून देण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी इथे विसावल्या.

मग हे सारे वाया गेले का? घरोघरी हळहळ झाली असेल, तशी कुत्सित कुजबुजही झाली असेल. पण फिलाडेल्फियात रमाबाई थांबल्या होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना लिहिली रसायनाच्या बॉडलीबाईंनी आणि तिच्यात आपल्या दिवंगत विद्यार्थिनीची ओळख जगाला करून दिली. पुस्तकाच्या विक्रीने आणि त्यातून जमलेल्या सहानुभूतीने रमाबाईंच्या शाळेला पैसा उभा राहिला. बॉडलीबाई मात्र १८८८ च्या जूनमध्ये गेल्या.

मुंबईत शारदासदन सुरू झाले तो दिवस होता ११ मार्च १८८९, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्याला आले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर रमाबाईंचे काम केडगावच्या माळावर रुजले. तिथे मुली विणकाम करत, छापखाना चालवत. शिक्षणात शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांना रमाबाईंनी आवर्जून जागा दिली होती. आपले शरीर कसे चालते, भोवतालची झाडे कशी वाढतात, हे बाईला ठाऊक असलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली होती. तिचे सूत्रही हेच, की मुलाने वस्तू हाताळून शिकावे. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावलाच निवर्तल्या.

फिलाडेल्फियाच्या त्या महाविद्यालयातून १८९२ साली गुरुबाई करमरकर डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी मुंबईत अनेक वर्षे बायका-मुलांवर उपचार केले. आज आपल्या घरातली मुलगी अकरावीच्या किंवा पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेतून बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग घेऊन येते. आई डाग घासून काढायला सांगते, मुलगी म्हणते निघत नाहीत, दोन-चार दिवसांनी जातील. एवढ्या सहज घडणाऱ्या या गोष्टीसाठी कल्याणच्या एका मुलीला घर, देश आणि शेवटी प्राणही पणाला लावावा लागला होता, हे त्या मुलीला कोणीतरी सांगायला हवे.