पाहावयास शिकविणाऱ्या बाई : डॉ. मारिया माँटेसरी

लहान मुलांस शिकवावयाचें म्हणजे मोठ्यानें बोलावयाचें, बोट दाखवावयाचें आणि चूक दिसतांच कान धरावयाचा, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालत आली. आणि ती केवळ आपल्याकडेच होती असें नाहीं. शिक्षकानें आधीं पाहण्यास शिकावें व मग शिकविण्यास लागावें, ही गोष्ट ज्या बाईंनीं जगाच्या गळीं उतरविली, त्या डॉ. मारिया माँटेसरी यांचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्या पालकांचीं धाकटीं मुलें बालवर्गांत आहेत त्यांस तें उपयोगी पडेल, आणि ज्या विद्यार्थ्यांच्या पाठीवर धाकटीं भावंडें आहेत त्यांसही त्यांतून कांहीं घेतां येईल, अशी आम्हांस उमेद आहे.

मारिया यांचा जन्म इटली देशांतील कियारावाल्ले नांवाच्या लहानशा गांवीं ता. ३१ ऑगस्ट १८७० रोजीं झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी नोकर असून जुन्या वळणाचे होते. आई रेनील्दे यांस वाचनाची मोठी आवड होती. मारिया पांच वर्षांच्या असतांना हें कुटुंब रोम शहरीं राहावयास आलें. मुलीनें शिकून फार तर शिक्षिका व्हावें, असा त्या काळचा रिवाज होता. मारिया यांनीं मात्र प्रथम यंत्रविद्येकडे नेणाऱ्या शाळेंत नांव घातलें, व पुढें वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. वडिलांस हें रुचलें नाहीं. आई पाठीशीं उभी राहिली. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका स्त्रीनें शवविच्छेदन करणें अशोभनीय मानलें जाई. म्हणून तें काम त्यांस सायंकाळीं एकट्यानेंच करावें लागे. इतकें सोसून १८९६ सालीं त्या डॉक्टर झाल्या. इटलींत वैद्यकाची पदवी घेणाऱ्या अगदीं पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. शिक्षिकेचा पेशा नको म्हणून ज्यांनीं एवढी खटपट केली, त्यांसच पुढें सर्व जगानें शिक्षिका म्हणून ओळखावें, ही ईश्वरी योजनाच म्हटली पाहिजे.

पदवी मिळाल्यावर त्या रोम येथील मनोरुग्णांच्या चिकित्सालयांत काम करूं लागल्या. त्या काळीं मंदबुद्धीच्या मुलांस वेड्यांच्या इस्पितळांतच कोंडून ठेवीत. हातांत धरावयास, हलवावयास, ओळखावयास एकही वस्तु नसलेल्या त्या मुलांकडे पाहून मारियाबाईंच्या मनांत आलें कीं, यांस औषधापेक्षां शिक्षणाची अधिक गरज आहे. त्यांनीं इतार्द आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ धुंडाळले. सेगँचा ग्रंथ तर इटालियन भाषेंत उतरवून स्वहस्तें लिहून काढला. १९०० सालीं अशा मुलांसाठीं व त्यांच्या शिक्षकांसाठीं रोममध्यें एक संस्था निघाली, तिची धुरा त्यांनीं एका सहकारी वैद्यासह वाहिली. सकाळीं आठपासून सायंकाळीं सातपर्यंत त्या मुलांत असत, आणि दिवसभर जें पाहिलें तें रात्रीं लिहून त्याचा विचार करीत. कांहीं काळानें त्यांतील कांहीं मुलें इतर मुलांबरोबर सरकारी परीक्षेस बसून उत्तीर्ण झालीं. लोकांनीं याचें मोठें कौतुक केलें. मारियाबाई मात्र वेगळ्याच विचारांत पडल्या. मंदबुद्धीचीं मुलें येथवर येऊं शकतात, तर मग धडधाकट मुलें इतकीं मागें कां राहिलीं? दोष मुलांत नसून शिकविणारांच्या रीतींत आहे, हें त्यांस दिसूं लागलें.

हा विचार कसोटीस लावण्याची संधि लौकरच आली. रोमच्या सान लोरेंझो या दरिद्री वस्तींत एका मंडळीनें जुन्या पडक्या इमारती दुरुस्त करून मजुरांस राहावयास दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागें राहिलेलीं लहान मुलें जिने व भिंती खराब करीत. इमारतीचें नुकसान टळावें, एवढ्याच हेतूनें मालकांनीं त्या मुलांसाठीं एक खोली द्यावयाचें ठरविलें व मारियाबाईंस पाचारण केलें. पूर्वेकडील मागी लोक बाळ येशूच्या दर्शनास आले त्याच्या स्मरणाचा जो सण, त्याच दिवशीं, म्हणजे ता. ६ जानेवारी १९०७ रोजीं, हें बालगृह उघडलें. सुमारें पन्नास मुलें जमलीं. रडवीं, बुजरीं, अंगावर जाडेभरडे कपडे असलेलीं. त्यांवर देखरेख करण्यास नेमलेली बाई अध्यापनाचें रीतसर शिक्षण घेतलेली नव्हती. मारियाबाईंस तें बरेंच वाटलें. कारण जी शिकलीच नव्हती तिला जुन्या खोडी विसराव्या लागणार नव्हत्या. शिक्षिकेनें त्याच चाळींत राहावें, मुलांस स्वच्छ करून पाठवावें, आणि आईनें आठवड्यांतून निदान एकदां येऊन शिक्षिकेची भेट घ्यावी, असे नियम पुढें ठरले. पालकांनीं हा शेवटचा नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

त्या खोलींत मारियाबाईंनीं जें केलें तें बाहेरून पाहणारास कांहींच न करण्यासारखें दिसलें असतें. त्या बसून पाहत. एकदां सुमारें तीन वर्षांची एक मुलगी लांकडी ठोकळ्यांतील लहानमोठे गट्टू बाहेर काढून पुन्हां आपापल्या भोंकांत बसवीत होती. ती इतकी रंगून गेली होती कीं, बाईंनीं इतर मुलांस भोंवतीं गाणें म्हणावयास सांगितलें तरी तिचें लक्ष ढळलें नाहीं. खुर्चीसकट उचलून तिला टेबलावर ठेवलें, तरी मांडीवरचा ठोकळा सांवरून तिनें आपलें काम चालूच ठेविलें. चाळीसहून अधिक वेळां तें करून ती आपण होऊन थांबली, आणि गाढ झोपेंतून उठल्यासारखी प्रसन्न दिसली. दुसऱ्या वेळीं शिक्षिका कपाटास कुलूप लावावयास विसरली. सकाळीं येऊन पाहते तों मुलांनीं साधनें बाहेर काढलेलीं! तिला ती चोरी वाटली. मारियाबाईंनीं मात्र ओळखलें कीं, कोणत्या वस्तूची आपणांस गरज आहे हें आतां मुलांस कळूं लागलें आहे. त्या दिवसापासून मोठ्या कपाटाच्या जागीं मुलांच्या हातास पोंचतील अशा बुटक्या फळ्या आल्या. घटना एकच, शिक्षिकेस तींत अपराध दिसला, निरीक्षण करणाऱ्या बाईंस वाढ दिसली.

सर्वांत बोधप्रद प्रसंग एका अडीच वर्षांच्या मुलाचा आहे. पाण्याच्या भांड्यांत कांहीं खेळणीं तरंगत होतीं व भोंवतीं मुलांनीं दाटी केली होती. मागें राहिलेल्या या बाळास कांहींच दिसेना. त्यानें वाट काढून पाहिली, जमेना. मग इकडेतिकडे पाहून विचार केला, आणि एक लहान खुर्ची दिसतांच तिच्यावर चढावें या बेतानें तो आनंदानें तिकडे निघाला. इतक्यांत शिक्षिकेनें त्याला उचलून सर्वांच्या डोक्यांवरून खेळणीं दाखविलीं. तिचा हेतु चांगला होता. पण बाळाच्या मुखावरील तो आनंद मावळला. खेळणीं त्याला दिसलीं. परंतु स्वतःच्या बुद्धीनें अडचण जिंकण्याचें जें सुख अगदीं हाताशीं आलें होतें, तें एका दयाळू हातानें हिरावून घेतलें. दुष्टपणानें मुलांचें नुकसान होतें हें सर्वांस ठाऊक आहे. न पाहतां केलेल्या दयेनेंही तें होतें, हें मारियाबाईंनीं दाखविलें.

म्हणून शिक्षक तयार करतांना त्या निरीक्षणावर विशेष भर देत. १९०९ सालीं त्यांनीं शिक्षकांचा पहिला वर्ग चालविला व त्याच सालीं त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलास नवीन शब्द शिकविण्याची त्यांची रीत पाहावी. प्रथम वस्तु दाखवून हें तांबडें, हें निळें, एवढेंच सांगावयाचें. मग तांबडें दे, निळें दे, असें मागावयाचें. आणि तें जमलें तरच हें काय म्हणून विचारावयाचें. मूल मध्येंच चुकलें तर त्याला दटावावयाचें नाहीं, उत्तर सांगून लाजवावयाचेंही नाहीं. आज याचें मन या पाठास तयार नाहीं एवढें मनाशीं टिपून हंसतमुखानें थांबावयाचें. चूक ही मुलाची नसून आपण वेळ चुकीची निवडली, असें शिक्षकानें समजावें. १९१५ सालीं अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनांत त्यांच्या पद्धतीचा एक वर्ग कांचेच्या भिंतींत भरविला होता. बाहेर बांकांवर बसून मोठीं माणसें तासन्‌तास आंतील मुलांचें काम पाहत.

या कीर्तीबरोबर अडचणीही आल्या. शिक्षक तयार करण्याचा अधिकार त्यांनीं आपल्याच हातीं ठेविला, त्यामुळें कित्येक सहकारी दुरावले. त्यांचीं साधनें महाग असून गरिबांच्या शाळांस परवडत नाहींत, असाही आक्षेप निघाला. मुसोलिनीच्या सरकारचा आश्रय त्यांनीं कांहीं वर्षें स्वीकारला, ही गोष्टही लपवितां येत नाहीं. पण बालशाळांवर त्या सत्तेचा दाब वाढला तेव्हां १९३४ च्या सुमारास त्यांनीं तो संबंध तोडला व स्वदेश सोडला. इटलींतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. स्पेनमध्यें यादवी पेटल्यामुळें १९३६ सालीं तेथूनही निघावें लागलें, आणि त्या हॉलंडांत आल्या.

१९३९ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षांत, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या चिरंजीव मारिओ यांसह मद्रासेस आल्या. अड्यार येथें सुमारें तीनशें शिक्षक त्यांच्या वर्गास बसले. थोड्याच महिन्यांनीं इटली युद्धांत उतरलें आणि इटालियन म्हणून मारिओ यांस आपल्या अहमदनगर येथील छावणींत स्थानबद्ध केलें गेलें. आईच्या सत्तराव्या वाढदिवशीं, ३१ ऑगस्ट १९४० रोजीं, सरकारनें त्यांस सोडलें. युद्धाचीं वर्षें बाईंनीं हिंदुस्थानांतच काढलीं. मद्रास, कोडाईकानाल, अहमदाबाद, कराची अशा ठिकाणीं वर्ग चालविले, आणि आपल्याकडील तान्हीं मुलें आईच्या कडेवरून बाजारहाट, पूजाअर्चा, सर्व कांहीं न्याहाळीत असतात हें कौतुकानें पाहिलें. पुढें ता. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडांत समुद्रकांठच्या नूर्डव्हेक गांवीं त्यांनीं देह ठेविला.

त्यांचें बीज महाराष्ट्रांत त्या येण्यापूर्वींच रुजलें होतें. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचें काम केलें, व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. महाग साधनांचा जो आक्षेप वर सांगितला, त्याचें उत्तर ताराबाईंनीं कृतीनें दिलें. १९४५ सालीं बोर्डी येथें, व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, त्यांनीं अनुताई वाघ यांच्या साह्यानें खडे, बिया, शिंपले, पानें अशा गांवच्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. मुलें शाळेंत येईनात तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. तेथेंही आधीं पाहिलें, मग शिकविलें.

येथें आमचा स्वतःचा एक अनुभव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे बालवर्ग होता. त्यांत एक मुलगी विचारलेल्या प्रश्नास कधींच उत्तर देत नसे. आम्हीं तिला मंद समजून चुकलों होतों, आणि तिच्या आईसही तसें सांगितलें होतें. एके दिवशीं एक वडील सहशिक्षिका आमच्या वर्गांत मागें येऊन बसल्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. केवळ टिपण करीत होत्या. शाळा सुटल्यावर त्यांनीं तें टिपण आमच्यापुढें ठेविलें. आम्हीं बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें स्वतःच देऊन टाकलीं होतीं; आणि त्या मुलीचे ओंठ दर वेळीं हलूं लागत, तोंच आम्ही पुढच्या मुलाकडे वळत होतों. आम्हांस लाज वाटली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं प्रश्न विचारून मनांत दहा आंकडे मोजले. सातव्या आंकड्यास ती बोलली, आणि बरोबर बोलली. तिच्या आईकडे जाऊन आम्हीं आपला शब्द परत घेतला.

आज अनेक देशांत बालवर्गाच्या शिक्षकांस असेंच साह्य देतात. जाणता सहकारी वर्गांत बसून पाहतो, शिक्षक किती थांबला, कोणाकडे वळला, कोणास वगळलें तें टिपतो, मग दोघे मिळून एकच सुधारणा ठरवितात, आणि तो पुन्हां पाहावयास येतो. यांत तपासणीचें भय नाहीं, सोबतीचा आधार आहे. आपला दोष आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. त्यासाठीं दुसऱ्याचे प्रेमळ डोळे लागतात.

प्रभूकडे बालकें आणिलीं तेव्हां त्यांस दटावणारे परके नव्हते; त्याचे शिष्यच होते. मुलांच्या वाटेंत बहुधा त्यांचीं हितचिंतक मोठीं माणसेंच उभीं असतात. म्हणून, पालकहो, आपलें मूल सदऱ्याची गुंडी लावण्यास धडपडत असेल तेव्हां हात पुढें करण्यापूर्वीं क्षणभर पाहा. विद्यार्थ्यांनो, धाकट्या बहिणीस गणित सांगतांना पाटी तिच्या हातून ओढून घेऊं नका. आणि आम्ही शिक्षकही या सत्रांत आपल्या वर्गाचें दार एकमेकांस उघडें ठेवूं. सान लोरेंझोच्या त्या खोलींत मारियाबाईंनीं जें केलें, तेंच आपणां सर्वांस करावयाचें आहे.