दगडातली झाडं वाचणारे बिरबल सहानी

झाडाला जखम झाली की खोडातून चिकट राळ पाझरते. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. ती गाळात गाडली गेली की तिच्यातले उडून जाणारे घटक निघून जातात, रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि लाखो-कोटी वर्षांत तयार होतं अंबर. कधी कधी आत अडकलेल्या माशी-मुंगीसकट! अख्खं लाकूडही असंच टिकतं. सिलिका विरघळलेलं पाणी त्याच्या पेशीपेशीत शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि लाकडाचा दगड बनतो. असे दगड वाचायला भारताला शिकवलं ते बिरबल सहानी यांनी.

जन्म १४ नोव्हेंबर १८९१, आता पाकिस्तानात असलेल्या भेरा गावी. वडील रुचीराम लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बिरबल केंब्रिजला गेले, तिथे सीवर्ड यांच्या हाताखाली जीवाश्म वनस्पतींचा नाद लागला तो कायमचाच. १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो.

राजमहालच्या टेकड्यांतले जीवाश्म अभ्यासून त्यांनी पेंटोझायलॉन हा नामशेष वनस्पतींचा आगळा गट जगापुढे आणला. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनलाय, त्याच्या वयाच्या वादातही ते उतरले. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडं वाढली, मग पुन्हा लाव्हा आला. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानसारख्या ठिकाणी त्या झाडांचे दगड झालेत. त्यांवरून सहानींनी हा लाव्हा तेव्हा मानला जाई त्यापेक्षा अलीकडचा, तृतीयक कल्पातला असल्याचं मांडलं. आजच्या मोजणीनुसार मुख्य उद्रेक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे नेमका दोन कल्पांच्या सीमेवरचा!

स्वप्न एकच होतं, या विषयाची स्वतंत्र संस्था. त्यासाठी त्यांनी आणि पत्नी सावित्री यांनी आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि जमवलेले जीवाश्म देऊन टाकले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौत पायाभरणी झाली. कोनशिलाही खास, तिच्यात ठिकठिकाणचे जीवाश्म बसवलेले. आणि आठवड्याभरातच, १० एप्रिलला, हृदयविकाराच्या झटक्याने सहानी गेले. वय अवघं ५७.

इमारत नव्हती, संस्थापकही उरला नव्हता. सगळं तिथेच थांबलं असतं. पण सावित्रीबाईंनी धुरा उचलली, निधीसाठी पाठपुरावा केला आणि १९५३ मध्ये नेहरूंच्याच हस्ते इमारतीचं उद्घाटन झालं.

पुढे गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या वास्तान लिग्नाइट खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं अंबर सापडलं. साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची ती राळ, आणि तिच्यात शेकडो कीटक. २०१० मध्ये ते जगासमोर मांडणाऱ्या चमूत याच संस्थेचे संशोधकही होते. ज्या इमारतीत सहानींना एक दिवसही काम करता आलं नाही, तिथे दगडातली झाडं वाचण्याचं काम आजही चालू आहे.