भोरड्या वाळवंट कसं ओलांडतात? हा प्रश्न घेऊन सलीम अलींनी पाखरांच्या पायात कडी घातली

ज्वारीला हुरडा भरला की सेनगाव तालुक्यात भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. हजारभर भोरड्या एकदम कणसांवर बसल्या की काय होतं ते गोफण घेऊन माळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा. (आता सोयाबीन आणि हळद वाढली, ज्वारी घटली, त्यामुळे गोफणही कमी दिसते.) एप्रिलच्या आसपास हे थवे गायब होतात. जातात कुठं? मध्य आशियातल्या गवताळ माळांवर, अंडी घालायला. आणि मधे पसरलेला असतो थरपासून पुढचा सगळा रखरखाट.

आपल्या शिवारातल्या पाहुण्यांचा असा पत्ता आज सांगता येतो, त्यामागं डॉ. सलीम अली या माणसाचा मोठा वाटा आहे.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत जन्म. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळलं. साधारण दहा वर्षांचा असताना छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथं मिलार्ड साहेबांनी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि पोरगं कायमचं पाखरांचं झालं.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. बर्मात घरचा धंदा पाहिला, तो चालला नाही. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झुऑलॉजिकल सर्व्हेची नोकरी हुकली. मुंबईच्या म्युझियममध्ये गाइड लेक्चरर झाले. १९२९ मध्ये बर्लिनला प्रा. स्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले आणि तिथूनच हेल्गोलँड बेटावरच्या पक्षी केंद्रात पोचले. पाखरू धरायचं, पायात नंबर असलेलं हलकं कडं घालायचं, सोडून द्यायचं. ते दुसरीकडे कुणाला सापडलं तर नंबरावरून वाट कळते. हे काम त्यांनी इथं हातानं शिकून घेतलं.

परत आले तर नोकरीच उरली नव्हती. मग त्यांनी संस्थानांना सांगितलं, फक्त खर्च द्या, पगार नको, तुमच्याकडचे पक्षी मोजून देतो. १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली ती अशीच. सेनगाव तेव्हा त्याच संस्थानात, परभणी जिल्ह्यात होतं. या मुक्कामांत बायको तेहमिना सोबत असायच्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. अली बहिणीकडे राहायला गेले आणि पुन्हा लग्न केलं नाही.

कड्यांचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू व्हायला मात्र एक साथ यावी लागली. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापानं फणफणली. विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूसारखा निघाला. संशय पाखरांवर गेला, की स्थलांतर करताना यांनीच गोचिड्या आणल्या असतील. तपासासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं पैसे दिले आणि अलींना हवं ते काम मिळालं. कच्छ, भरतपूर, तमिळनाडूचं कोडिक्कराई अशा ठिकाणी जाळी लागली, हजारो पाखरांच्या पायात कडी पडली. पाखरांनी रोग आणल्याचा पक्का पुरावा मिळाला नाही. पुढं अमेरिकी लष्कराचा पैसा आला तेव्हा प्रकरण संसदेपर्यंत गेलं. पण देशातल्या पक्षी स्थलांतराची पहिली मोठी नोंदवही तयार झाली ती या खटाटोपातूनच.

गंमत म्हणजे कडी परत यायची ती जास्त करून बदकांची, कारण बदकांची शिकार व्हायची. वीस ग्रॅमचं गाणारं पाखरू वाळवंटात मेलं तर ते कुणाला सापडणार? शिवाय कडं दोनच टोकं सांगतं, कुठं घातलं आणि कुठं मिळालं. मधलं वाळवंट कोरंच राहायचं.

ते कोरं पान इतर संशोधनानं हळूहळू भरलं. निघण्याआधी ही पाखरं खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतात, काहींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. एक ग्रॅम चरबी जळली की साधारण तेवढंच पाणी शरीरात तयार होतं, म्हणजे शिदोरी आणि मशक एकच. त्यातली बरीच जण रात्री उडतात, कारण हवा थंड असते आणि पाणी कमी जातं. सकाळी दगडाच्या किंवा झुडपाच्या सावलीत उतरतात, दिवसभर हलत नाहीत, संध्याकाळी पुन्हा निघतात. भोरड्या मात्र थव्यानं दिवसाही उडतात.

सलीम अली २० जून १९८७ ला मुंबईत गेले. छोट्या पाखराच्या पाठीवर मावेल इतकं हलकं यंत्र तेव्हा नव्हतं. २०२१ मध्ये स्वीडनच्या मोठ्या बोरू वटवट्यांवर तशी यंत्रं लावून केलेला अभ्यास छापून आला. सहारा ओलांडताना ते रात्री सरासरी २,४०० मीटरवर होते आणि दिवस उजाडला की ५,४०० मीटरच्या आसपास चढत होते. उन्हानं अंग तापू नये म्हणून ते इतक्या उंच, गार हवेत जात असावेत, असा अंदाज आहे.