बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ कलामहर्षी बाबूराव पेंटर (जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०, मृत्यू : कोल्हापूर, १६ जानेवारी १९५४) हे भारतीय मूकपटांच्या काळातील एक अग्रणी दिग्दर्शक, चित्रकार, शिल्पकार आणि नेपथ्यकार होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते संस्थापक होत. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेले भारतातील सर्वांत जुने सचित्र चित्रपट-भित्तिपत्रक मानले जाते. त्यामुळे भारतीय पोस्टर-कलेच्या इतिहासाचा आरंभ बहुधा त्यांच्या नावापासून केला जातो.

घराणे आणि कलाशिक्षण

बाबूरावांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूडकाम, लोहारकाम, चित्रकला व मूर्तिकाम यांचे संस्कार बाबूरावांवर घरातच झाले. कोणत्याही कलाशाळेत त्यांनी पद्धतशीर शिक्षण घेतले नाही. चुलतबंधू आनंदराव यांच्या सहवासात त्यांनी रंग, रेषा व छायाप्रकाश यांचा अभ्यास केला. दोघा बंधूंच्या कामामुळे ‘पेंटर’ हीच त्यांची ओळख झाली आणि मेस्त्री हे मूळ आडनाव मागे पडले.

त्या काळी कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे संगीत, नाट्य, मल्लविद्या आणि चित्रकला यांना बहर आला होता. संगीत नाटकांच्या रंगमंचावर राजवाडा, अरण्य, रस्ता अशी स्थळे रंगवलेल्या पडद्यांवरून दाखवली जात. १९१० नंतरच्या काही वर्षांत आनंदराव व बाबूराव यांचे पडदे पश्चिम भारतातील नाटकमंडळ्यांमध्ये नावाजले गेले. सपाट कापडावर खोलीचा आभास निर्माण करण्याची ही विद्या पुढे त्यांना चित्रपटात उपयोगी पडली.

कॅमेऱ्याची जुळणी

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. तो पाहून या बंधूंना चित्रपटनिर्मितीची ओढ लागली. त्यांनी जुना प्रक्षेपक मिळवून चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. परदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेर असल्याने तो स्वतःच तयार करण्याचे त्यांनी ठरवले. हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. हा आघात सोसून बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम पुढे नेले आणि १९१८ साली चित्रीकरणास योग्य असा कॅमेरा सिद्ध केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

कॅमेरा तयार झाल्यावर भांडवलाचा प्रश्न होता. गायिका तानीबाई कागलकर यांनी आर्थिक साहाय्य केले, शाहू महाराजांचाही पाठिंबा लाभला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. चित्रपटात काम करणे स्त्रियांसाठी कमीपणाचे समजले जात असताना गुलाबबाई (कमलादेवी) व अनसूयाबाई (सुशीलादेवी) यांनी या चित्रपटात भूमिका केल्या. कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव वठले की त्यावरून वाद झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

नाटकांचे पडदे रंगवण्यात आयुष्याची पहिली उमेदीची वर्षे घालवलेल्या बाबूरावांनी चित्रपटातून रंगवलेला पडदा मात्र हद्दपार केला. त्याच्या जागी त्यांनी लांबी, रुंदी व खोली असलेले देखावे उभारले. कॅमेऱ्याला पडदा सपाटच दिसतो, हे त्यांच्यातील चित्रकाराने ओळखले होते. चित्रीकरणापूर्वी पात्रांचे पोशाख, त्यांची हालचाल व दृश्याची मांडणी यांची रेखाटने ते करीत. आज चित्रपटाचा आराखडा चित्रचौकटींच्या मालिकेतून आखला जातो. चित्रकथेशी जवळचे नाते असलेल्या या पद्धतीची पूर्वखूण बाबूरावांच्या रेखाटनांत दिसते. ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. भारतीय चित्रपटातील हा अशा प्रकारचा आरंभीचा प्रयोग समजला जातो.

भित्तिपत्रके आणि प्रसिद्धी

आरंभीच्या मूकपटांची जाहिरात मुख्यतः वृत्तपत्रांतील मजकूर व हस्तपत्रके यांवर अवलंबून असे. त्या काळी बहुसंख्य लोक निरक्षर होते, त्यामुळे अशी जाहिरात थोड्यांपर्यंतच पोहोचे. मूकपट मात्र भाषेच्या व अक्षरओळखीच्या पलीकडे जाणारे माध्यम होते. त्याची वार्ता देणारे साधनही चित्रच असावे, या दृष्टीने बाबूरावांच्या भित्तिपत्रकांचे महत्त्व मोठे आहे. याशिवाय कथानकाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही त्यांनी प्रेक्षकांसाठी काढल्या.

या कामाला अनुकूल पार्श्वभूमी आधीच तयार झालेली होती. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेल्या रंगीत चित्रांमुळे देवदेवता व पुराणकथा घरोघरी भिंतींवर पोहोचल्या होत्या. शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करून एकाच कागदावर एकामागून एक ठसे उमटवले जात. छपाईच्या या सोयीमुळे एका चित्रकाराचे काम शेकडो भिंतींवर लागू शकत होते. घरातील पूजेच्या वा शोभेच्या चित्राची सवय झालेल्या डोळ्यांना रस्त्यावरचे रंगीत भित्तिपत्रक अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

भित्तिपत्रक रंगवणाऱ्यापुढे एक कठीण अट असते. दोन-तीन तासांची कथा एकाच स्थिर चित्रात सुचवायची, तीही वाटेने जाणाऱ्याच्या क्षणभराच्या दृष्टिक्षेपात. बाबूरावांच्या बाबतीत कथेची निवड, देखावा, पोशाख, दिग्दर्शन आणि भित्तिपत्रक या साऱ्यांमागे एकच दृष्टी होती. म्हणून त्यांचे भित्तिपत्रक चित्रपटाला बाहेरून चिकटवलेली जाहिरात न राहता त्या चित्रपटाचाच एक भाग ठरते.

सावकारी पाश

ना. ह. आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) हा बाबूरावांचा सर्वांत महत्त्वाचा मूकपट गणला जातो. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, अशी ही कथा आहे. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. अंधाऱ्या झोपडीचे आणि रडणाऱ्या कुत्र्याचे दृश्य त्यातील छायाप्रकाशामुळे जाणकारांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांच्या त्या काळात शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणणे हे धाडसच होते. प्रेक्षकांचा पुरेसा प्रतिसाद मात्र मिळाला नाही. या विषयावरील बाबूरावांची निष्ठा एवढी होती की १९३६ साली त्यांनी त्याच कथेवर बोलपट काढला.

बोलपटांचा काळ व अखेर

१९२९ साली विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर व व्ही. शांताराम हे सहकारी बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. त्यानंतर थोड्याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार थांबला. बोलपटाविषयी बाबूराव फारसे उत्साही नव्हते. संवादांच्या भडिमारात मूकपटाने घडवलेली दृश्यभाषा नष्ट होईल, अशी त्यांची धारणा होती. तरीही ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) आदी बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात शांताराम व ते पुन्हा एकत्र आले. उर्वरित काळ त्यांनी मुख्यतः चित्रकला व शिल्पकला यांत घालवला.

वारसा

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते आणि काळाच्या ओघात आपोआप कुजते. त्या काळी ती जतन करण्याची व्यवस्थाही नव्हती. भिंतीवर काही दिवस राहून फाटून जाण्यासाठीच छापलेला कागद मात्र ‘कल्याण खजिना’च्या रूपाने टिकला. मूळ चित्रपट पाहता येत नसताना बाबूरावांच्या दृष्टीचा प्रत्यय घेण्याचे जे थोडे मार्ग उरले आहेत, त्यांत या भित्तिपत्रकाचे स्थान वरचे आहे. म्हणूनच जुनी भित्तिपत्रके, पुस्तिका व छायाचित्रे यांचे जतन हे चित्रपटांच्या जतनाइतकेच आवश्यक ठरते.

त्यांची परंपरा शिष्यांनी चालवली. दामले व फत्तेलाल यांनी प्रभातच्या चित्रपटांना नेपथ्य व दृश्यरचनेची शिस्त दिली. कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी हाताने रंगवलेल्या चित्रपट-फलकांच्या क्षेत्रात नाव मिळवले. डिजिटल छपाईमुळे हाताने रंगवलेले फलक रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. जुन्या चित्रपटांची नवी भित्तिपत्रके आवडीने चितारणारे आजचे चित्रकार, एका चित्रात साऱ्या कथेचे मर्म सांगण्याचा बाबूरावांचाच प्रयत्न नव्या साधनांनी करीत असतात.

निवडक चित्रपट

सैरंध्री (१९२०), सुरेखा हरण (१९२१), सिंहगड (१९२३), कल्याण खजिना (१९२४), सावकारी पाश (१९२५, बोलपट १९३६), मुरलीवाला (१९२७), उषा (१९३५), प्रतिभा (१९३७), रुक्मिणी स्वयंवर (१९४६), लोकशाहीर रामजोशी (१९४७).