अक्षराच्या डोक्यावरचा बाण

घरात अकरावी-बारावी सायन्सचं मूल असेल तर त्याची फिजिक्सची वही एकदा उघडून बघा. काही अक्षरांच्या डोक्यावर छोटासा आडवा बाण काढलेला दिसेल. छापील पुस्तकात तेच अक्षर बऱ्याचदा बाणाशिवाय, पण जाड ठशात असतं. दोन्हींचा अर्थ एकच. ही राशी 'सदिश' आहे, म्हणजे इंग्रजीतलं व्हेक्टर. हे जाड अक्षर ज्यानं रुजवलं तो माणूस कधी कॉलेजात गेला नव्हता. त्याला कानानं कमी ऐकू यायचं, चोविसाव्या वर्षी त्यानं नोकरी सोडली आणि पुन्हा आयुष्यात कधी केली नाही. ऑलिव्हर हेविसाइड त्याचं नाव.

मी कलाशाखेची, त्यामुळे सदिश म्हणजे काय ते माझ्या पद्धतीनंच सांगते. दोन किलो साखर म्हटलं की काम भागतं. साखर कुठल्या दिशेला, असं कोणी विचारत नाही. ही झाली अदिश राशी. पण दोघींनी मिळून जड कपाट सरकवायचं असेल तर नुसता जोर किती ते सांगून चालत नाही. एकीनं खिडकीकडे ढकललं आणि दुसरीनं दाराकडे, तर कपाट दोन्हींच्या मधल्या तिरक्या वाटेनं जातं. म्हणून जोर सांगताना किती आणि कुठे, दोन्ही सांगावं लागतं. कागदावर तो बाणानं दाखवता येतो. बाणाची लांबी म्हणजे किती, टोक म्हणजे कुठे.

बाण आकड्यांतही लिहिता येतो. घरातून निघून ३ किलोमीटर पूर्वेला आणि मग ४ किलोमीटर उत्तरेला गेलात, तर घरापासून सरळ रेषेत तुम्ही ५ किलोमीटरवर असता. बाण एकच, पण त्याचे आकडे दोन. उंचीही धरली तर आकडे तीन. आणि लिहिण्याची अजून एक तऱ्हा आहे, ती म्हणजे आकडे बाजूला ठेवून अख्ख्या बाणाला एकच अक्षर द्यायचं. या शेवटच्या तऱ्हेसाठी ऑलिव्हर आयुष्यभर भांडला.

लंडनमधल्या कॅमडेन टाउन भागात १८ मे १८५० रोजी त्याचा जन्म झाला. चार भावांतला हा धाकटा. वडील थॉमस लाकडावर चित्रं कोरून छपाईचे ठसे करायचे. कमाई बेताचीच. आई रेचल घरातच छोटी शाळा चालवून संसाराला हातभार लावायची. ऑलिव्हरला लहानपणी स्कार्लेट फीवर झाला. त्या आजारात अंगावर लाल पुरळ येतं, आणि जाताना तो अनेक मुलांचे कान घेऊन जायचा. पुढे त्याला थोडंफार ऐकू येऊ लागलं. पण ज्या वयात मुलं गल्लीत खेळून चार मित्र जोडतात, ते वय एकटेपणात गेलं. त्याच्या तिरसट स्वभावाबद्दल पुढे खूप लिहिलं गेलं. मला वाटतं, त्याचं मूळ या दिवसांत शोधायला हवं.

शाळेत तो हुशार होता. १८६५ मध्ये पाचशेहून जास्त मुलांच्या परीक्षेत पाचवा आला. गंमत म्हणजे भूमितीत त्याचे गुण अगदीच कमी होते. कोणीतरी ठरवून दिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा घोकणं त्याला कधी जमलंच नाही. सोळाव्या वर्षी शाळा संपली. पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते.

एक आधार मात्र होता, मावशीच्या घरचा. आईच्या बहिणीचे यजमान म्हणजे सर चार्ल्स व्हीटस्टन, इंग्लंडमध्ये विजेची तारयंत्रणा उभी करणाऱ्यांपैकी एक. त्यामुळे मुलांची पावलं तारखात्याकडे वळली. ऑलिव्हर १८६८ मध्ये डेन्मार्कला गेला, समुद्राखालच्या तारेचं काम शिकला आणि पुढे न्यूकॅसलला तार कंपनीत वरच्या जागी आला. चांगली, पगाराची नोकरी. ती त्यानं १८७४ मध्ये सोडली आणि आईवडिलांच्या घरी खोलीचं दार लावून बसला. चोवीस वर्षांचा धडधाकट मुलगा असा घरी बसला तर आपल्याकडे शेजारीपाजारी काय काय बोलतील, ते मी वेगळं सांगायला नको.

दाराआड एक जाडजूड ग्रंथ होता. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्वावरचा हा ग्रंथ १८७३ मध्ये निघाला होता. ऑलिव्हरला त्यातलं गणित सुरुवातीला कळेना. शाळेत शिकलेलं पुरत नव्हतं आणि शिकवायला कोणी नव्हतं. त्यानं एकट्यानं, कित्येक वर्षं घालवून, तो ग्रंथ पचवला. मॅक्सवेल मात्र १८७९ मध्येच वारले, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

ग्रंथ पचवल्यावर त्याला दिसलं की विचार मोठा आहे, पण मांडणीत पसारा फार आहे. विजेचा किंवा चुंबकाचा जोर हा दिशेचा मामला, म्हणून प्रत्येक गोष्ट तीन दिशांसाठी तीनदा लिहायची. मॅक्सवेलनी १८६५ मध्ये सगळा सिद्धांत मांडला तेव्हा समीकरणं झाली होती वीस. त्यात कुठला धागा कुठे जातो ते सापडणं मुश्कील. ऑलिव्हरनं १८८४-८५ च्या सुमारास तीन-तीन ओळींच्या जागी एकेक सदिश ठेवला, मधल्या अनावश्यक राशी बाजूला काढल्या आणि सगळं चार समीकरणांत बसवलं. आज जगभर 'मॅक्सवेलची समीकरणं' म्हणून शिकवतात ती या चार ओळींतली. खुद्द मॅक्सवेलनी ती या रूपात कधीच लिहिली नव्हती!

सदिश ही कल्पना अर्थातच ऑलिव्हरची एकट्याची नव्हती. व्हेक्टर हा शब्द गणितात आणला आयर्लंडच्या विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाहून नेणारा. पत्नीबरोबर डब्लिनच्या कालव्याकाठी चालताना, १६ ऑक्टोबर १८४३ या दिवशी, हॅमिल्टनना 'क्वाटर्निअन' नावाचं नवं गणित सुचलं आणि त्यांनी ते तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं. पण त्यात एक अदिश आणि एक सदिश असं कायमचं एकत्र बांधलेलं जोडपं होतं. ऑलिव्हरचं म्हणणं सरळ होतं. तारेतून जाणाऱ्या विजेचा हिशेब करताना या दोघांना एकत्र नांदवायची गरज काय? दोघं वेगळे ठेवा. क्वाटर्निअनमध्ये सदिशाचा वर्ग केला की उणे संख्या येते, तेही त्याला पटत नव्हतं. जोराचा वर्ग अधिकच यायला हवा, असा त्याचा व्यवहारी हिशेब. अमेरिकेत येल विद्यापीठात विलर्ड गिब्ज हे प्राध्यापक त्याच सुमाराला, स्वतंत्रपणे, याच निष्कर्षाला आले होते. स्कॉटलंडचे पीटर टेट या दोघांवर तुटून पडले आणि १८९० नंतरची काही वर्षं शास्त्राच्या मासिकांत चांगलीच जुंपली. शेवटी गिब्ज-हेविसाइड पद्धतच टिकली. गुणाकारासाठी मुलं ठिपका आणि फुली वापरतात, ती गिब्ज यांची देणगी.

जाड अक्षर मात्र ऑलिव्हरचं. मॅक्सवेल सदिशांसाठी जर्मन गॉथिक वळणाची अक्षरं वापरायचे. ती नक्षीदार, वाचायला त्रासाची आणि एकसारखी दिसणारी. ऑलिव्हर म्हणाला की नेहमीचंच अक्षर घ्या आणि जाड ठशात छापा. पानावर नजर टाकताच कळलं पाहिजे की दिशा कशाला आहे आणि कशाला नाही. ठसे कोरणाऱ्याच्या मुलाला छापील अक्षराची ही नजर असावी, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं. हातानं लिहिताना जाड अक्षर काढणं अवघड, म्हणून वहीत डोक्यावर बाण आला.

'इलेक्ट्रिशियन' नावाच्या साप्ताहिकात तो हे सगळं लिहायचा. त्याचे वर्षाला मिळायचे सुमारे ४० पौंड. समजणारे वाचक थोडेच होते. त्यात १८८७ मध्ये पोस्ट खात्याच्या बड्या अभियंत्याशी, विल्यम प्रीस यांच्याशी, वाजलं. लांबच्या टेलिफोनवर आवाज फाटायचा. ऑलिव्हरनं गणितानं दाखवलं की तारेत 'इंडक्टन्स' वाढवला, म्हणजे ठरावीक अंतरावर तारेची वेटोळी बसवली, तर आवाज स्पष्ट जाईल. प्रीस यांचं मत नेमकं उलट, आणि खुर्ची त्यांची. भाऊ आर्थर पोस्टातच नोकरीला. दोघा भावांनी मिळून लिहिलेला लेख प्रीस यांनी छापू दिला नाही. पुढे १९०० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी याच युक्तीचं पेटंट घेतलं आणि त्यांना लाखो डॉलर मिळाले. ऑलिव्हरनं पेटंट घेतलंच नव्हतं.

मान मिळाला, पण उशिरा आणि अडखळत. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं. १८९६ मध्ये मित्रांच्या खटपटीनं सरकारनं वर्षाला १२० पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं. तेही त्याचा स्वाभिमान दुखावणार नाही अशा शब्दांत गळी उतरवावं लागलं.

आता घराकडे वळते, कारण पुरुषांच्या चरित्रात घराची पानं थोडक्यात उरकतात. १८८९ मध्ये आईवडील आणि ऑलिव्हर इंग्लंडच्या दक्षिणेला पेंग्टन गावी भाऊ चार्ल्सच्या आधाराला गेले. १८९४ मध्ये आई गेली, दोन वर्षांनी वडील. चाळिशी उलटलेल्या या माणसाचं ताट तोवर कोणीतरी वाढत होतं, कोणीतरी खोली आवरत होतं. मग काही वर्षं तो न्यूटन ॲबट गावात एकटा राहिला आणि तब्येतीची हेळसांड झाली. १९०८ मध्ये टॉर्की शहरात मेरी वे यांच्या घरी त्याची सोय लावण्यात आली. मेरी ही चार्ल्सच्या बायकोची बहीण. लग्न न झालेली, स्वतःच्या घरात राहणारी. सोय झाली ती ऑलिव्हरची. मेरीला काय हवं होतं, याची नोंद नाही.

केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ सर्ल हे त्याचे जवळचे मित्र. ते पत्नीसह या घरी जात. त्यांच्या आठवणींतून जे समोर येतं ते वाचवत नाही. ऑलिव्हरनं मेरीकडून चक्क करारपत्रं लिहून घेतली. तिनं लग्न करू नये, त्याच्या परवानगीशिवाय कुठे जाऊ नये. घर तिचं आणि हुकूम त्याचे. त्याला सतत थंडी वाजायची, म्हणून खोल्या गॅसच्या शेगडीवर भट्टीसारख्या तापवलेल्या. तिच्याबद्दल त्याच्या मनात एक प्रकारची माया होती असंही म्हणतात. असेल. बचत गटाच्या कामानिमित्त घरोघरी जाताना मला अशा मावश्या आणि आत्या भेटतात, ज्यांच्या घरात कोणीतरी 'तात्पुरतं' राहायला येतं आणि पुढे त्याच घरात त्यांना विचारून पाणी प्यावं लागतं. समोरचा माणूस बुद्धिमान आहे म्हणून त्यांचा जाच कमी होत नाही. मेरीला अखेर तिच्या नातेवाइकांनी तिथून नेलं. हेविसाइडवरचे बरेच लेख ही गोष्ट त्याच्या विक्षिप्तपणाचा एक मजेदार किस्सा म्हणून सांगतात. मला ती मजेदार वाटत नाही.

मेरी गेल्यावर घर ओसाड झालं. गॅस कंपनीशी बिलावरून भांडणं, गॅस तोडणं, थंडीत ब्लँकेटं गुंडाळून बसणं. गावातला एक पोलीस शिपाई त्याला खाण्यापिण्याचं सामान आणून द्यायचा. १९२२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं नव्यानं सुरू केलेलं फॅरडे पदक सर्वांत पहिलं त्याला दिलं. ते घ्यायला तो गेला नाही. अध्यक्षांनाच त्याच्या दारी यावं लागलं.

त्याचं एक भाकीत आपल्यापैकी अनेकींच्या कानांनी अनुभवलं आहे. १९०२ मध्ये त्यानं लिहिलं की वातावरणात खूप उंचावर विजेला वाट देणारा थर असावा आणि बिनतारी लहरी त्याच्या आधारानं पृथ्वीच्या वळणाभोवती दूर जात असाव्यात. अमेरिकेत केनेली यांनीही त्याच वर्षी तेच म्हटलं. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला समुद्र ओलांडून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत यायची, ती शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या अशाच थरांवरून परतत म्हणून. इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी हेविसाइडचा थर प्रयोगानं सिद्ध केला डिसेंबर १९२४ मध्ये.

पुढच्याच महिन्यात ऑलिव्हर घरात बेशुद्ध सापडला. रुग्णवाहिकेतून त्याला शुश्रूषागृहात नेलं. मोटारगाडीत बसण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती म्हणतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तो वारला. पेंग्टनच्या दफनभूमीत आईवडिलांच्याच थडग्यात त्याला ठेवलं आहे. दगडावर वर त्या दोघांची नावं आहेत आणि खाली, तळाशी, त्याचं.