वेल्स कोट्स : लहान घरांचा वास्तुशिल्पी

शहरात नोकरीसाठी आलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी त्याची अवस्था. सामान थोडे, पैसा बेताचा, घरकामाला वेळ नाही. अशा माणसाचे घर कसे असावे, याचा मनापासून विचार करणाऱ्यांत वेल्स कोट्सचे नाव आवर्जून घ्यावे लागते.

कोट्सचा जन्म 1895 साली टोकिओत झाला. आईवडील कॅनडाचे मिशनरी. त्यामुळे त्याचे बालपण जपानात गेले. सकाळी अंथरूण गुंडाळून कपाटात ठेवले की निजायची खोलीच बसायची खोली होते, हे तिथल्या घरांतून त्याने पाहिले होते. पहिल्या महायुद्धात तो लढला, वैमानिकही झाला. पुढे व्हँकूव्हरला इंजिनिअरिंग शिकून त्याने लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण मात्र त्याने कधीच घेतले नाही.

लंडनमध्ये जॅक व मॉली प्रिचर्ड या दांपत्याशी त्याचा परिचय झाला. हॅम्पस्टेडमधील लॉन रोडवर त्यांची मोकळी जागा होती. तेथे एकट्या राहणाऱ्या नोकरदारांसाठी सदनिका बांधायचे ठरले. 1933 साली लंडनच्या एका प्रदर्शनात कोट्सने नमुन्याची सदनिका उभारून दाखवली आणि जुलै 1934 मध्ये काँक्रीटची पांढरी, चार मजली इमारत राहण्यासाठी खुली झाली.

यातील लहान सदनिका सुमारे 25 चौरस मीटरची. त्यात बसण्या-निजण्याची एक खोली, कपडे करण्याची जागा, न्हाणीघर आणि कपाटाएवढे स्वयंपाकघर. कपाटे व फळ्या भिंतीतच बसवलेल्या, टेबल सरकते. जिने आणि सज्जे इमारतीच्या बाहेरच्या अंगाला काढल्याने आतली जागा वाचली. भाडेकरूने आपली पुस्तके आणि कपडे घेऊन यावे, इतकेच. जेवण, धुणे, झाडलोट यांची सोय इमारतीतच होती. सामायिक स्वयंपाकघराचा वापर मात्र अपेक्षेइतका झाला नाही. 1937 साली त्या जागी रहिवाशांचा क्लब निघाला. माणसाला एकांत हवा असतो तशी सोबतही हवी असते, हेच यातून दिसले.

जर्मनीतून आलेला वास्तुशिल्पी वॉल्टर ग्रोपियस येथे राहिला. 1941 ते 1947 या काळात रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती येथे राहत होती. तरीही 1946 साली एका मासिकाच्या वाचकांनी कुरूप इमारतींच्या स्पर्धेत हिला दुसरा क्रमांक दिला!

कोट्सने एक्को कंपनीसाठी केलेला बेकेलाइटचा गोल रेडिओ घरोघरी पोहोचला. इमारती मात्र त्याच्या हातून मोजक्याच झाल्या. युद्धानंतर मनासारखी कामे मिळेनात. अखेर तो कॅनडात गेला आणि 1958 साली व्हँकूव्हर येथे निवर्तला.

लॉन रोडची इमारतही पुढे मोडकळीस आली. पण 1999 साली तिला पहिल्या श्रेणीच्या वारसा-वास्तूचा दर्जा मिळाला, 2004 साली तिची डागडुजी पूर्ण झाली आणि बऱ्याच सदनिका परिचारिका, शिक्षक अशा नोकरदारांना परवडतील अशा रीतीने देण्यात आल्या. ज्यांच्यासाठी घरे बांधली, त्यांच्याच हाती ती सत्तर वर्षांनी पुन्हा आली.

जागा कमी म्हणून माणसाला कसेतरी कोंबायचे, हा एक मार्ग. त्याला काय हवे आणि काय नको, याचा आधी हिशेब मांडायचा, हा दुसरा. कोट्सने दुसरा मार्ग धरला. घर लहान असेल, पण त्यात राहणारा लहान मानू नये, हीच त्याच्या कामाची शिकवण.